पानाच्या विणीतली चुकीची ओळ

माझ्या हातातून टाका गळला आणि तो गळल्याचं मला कळलंच नाही. आजाराची सुरुवात अशी झाली. विणणाऱ्या बाईला गळलेला टाका डोळ्यांआधी बोटांना कळतो, सुईवरचा ताण किंचित बदलतो. त्या दुपारी बेंगळुरातल्या चामराजपेटच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत बसून मी शाल विणत होते. बऱ्याच ओळी वर गेल्यावर खाली एक भोक दिसलं, आणि तेही सासूबाईंनी दाखवलं. त्यांना घरात आम्ही सगळे अक्का म्हणतो.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. आता मी बरी आहे. ज्यांच्या घरात हा आजार आत्ता आला असेल त्यांना माझ्या घरात काय काय झालं ते सांगावं, एवढ्यासाठी लिहिते आहे. औषधांचं डॉक्टर सांगतील.

विणकामाचं आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याला धरून आहे. बेंगळुरात डिसेंबरात स्वेटर लागतो, त्यामुळे आमच्या मराठी मंडळातल्या पुष्कळ बायका विणायच्या. माझं मात्र साध्या विणकामात मन रमायचं नाही. जुन्या पुस्तकांच्या फुटपाथवर इंग्रजी नमुन्यांच्या पुस्तिका मिळायच्या. ज्यांची कव्हरं फाटली आहेत, ज्यांतल्या परदेशी बायकांच्या केसांची फॅशन जाऊन जमाना झाला आहे, अशा. ज्या नमुन्याची पहिली ओळ वाचून हे आपल्याला जमणार नाही असं वाटेल तो घ्यायचा, अशी माझी रीत होती. मंडळात कुणी विचारलं, "नलिनी, हे कसं गं केलंस?" की मला पुढचे चार दिवस बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू.

त्या वेळी हातात होती ती शाल अगदी बारीक लोकरीची, मोतिया रंगाची. मधे गोल, भोवती पानांची जाळी. तिच्यातली एक ओळ काही केल्या जुळत नव्हती. जाळीच्या विणीत दोन टाके एकत्र केले की एक टाका कमी होतो. तो भरून काढायला लोकर पुढे घेऊन नवा टाका करायचा, आणि त्या नव्या टाक्याचंच सुंदर भोक पडतं. जेवढे कमी केले तेवढे वाढवले की ओळ जुळते. माझी जुळेना. मी उसवलं, पुन्हा विणलं, पुन्हा उसवलं. बोटांना मुंग्या येत होत्या, म्हणून मला वाटलं की चूक बोटांचीच आहे.

"एवढं बारीक काम करतेस, मुंग्या येणारच," अक्का म्हणाल्या. "स्वल्प उठून फिर."

मी उठले, आणि पायातली चप्पल मागेच राहिली. तेही मला कळलं नाही.

*

आधी घरातल्या सगळ्यांना जुलाब-ताप येऊन गेला होता. बाकीचे बरे झाले. मलाच ही अशक्तता राहिली, असं आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि ताकदीच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी नळ फिरवता येईना. त्याच्या दुसऱ्या दिवशी गच्चीवर कपडे वाळत घालून उतरताना गुडघे वाकले ते वाकलेच. मी जिन्यावर बसून राहिले. आणि मग एका सकाळी न्हाणीघरातल्या पाटावरून मला उठता आलं नाही. मी हाक मारली. माझी मुलगी गौरी तेव्हा सहा वर्षांची होती. ती दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, खेळतेस का?"

माझ्या यजमानांनी मला उचलून रिक्षात घातलं. ते एका सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन, म्हणजे यंत्रांच्या भागांचे नकाशे काढणारे. बोलणं मोजकं. वाटेत रिक्षावाल्याला "निधान, निधान" एवढंच म्हणत राहिले, हळू चालव म्हणून.

मोठ्या इस्पितळात एका तरुण डॉक्टरने रबरी हातोडीने माझ्या गुडघ्यावर ठोकलं. पाय हलला नाही. दुसऱ्यावर ठोकलं. तोही नाही. मग त्याने मला एका श्वासात जमतील तेवढे आकडे मोजायला सांगितले. मी मोजले. तेवढ्यात मोठे डॉक्टर आले, त्यांनी पाठीतून पाणी काढायला सांगितलं, आणि संध्याकाळी पुन्हा आकडे मोजायला लावले. सकाळच्या निम्म्यावरच माझा श्वास संपला. तरुण डॉक्टरने दोन्ही आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहिले, त्यावरून मला समजलं.

आजाराचं नाव लांबलचक आहे, तिथे सगळे त्याला जी. बी. म्हणायचे. मोठे डॉक्टर कानडीत सावकाश बोलले. "अम्मा, तुमच्या शरीराची फौज शत्रूला मारता मारता तुमच्याच नसांवर उलटली आहे. हा आजार बरा होतो. बहुतेक जण उठून चालतात. पण बरा व्हायच्या आधी तो आणखी वाढेल."

"किती वाढेल?"

"ते उद्या बघू," ते म्हणाले.

श्वास अपुरा पडायला लागला तेव्हा घशात नळी घालायचं ठरलं. नळी घातली की बोलता येणार नाही, काही सांगायचं असेल तर आत्ता सांगा, असं सिस्टर म्हणाल्या. यजमान एका बाजूला, अक्का दुसऱ्या बाजूला. अशा वेळी माणूस काय बोलेल असं वाटतं? मी अक्कांना म्हटलं, "गौरीच्या डब्यात दहीभात देऊ नका. ती तसाच परत आणते."

त्यानंतर कितीतरी आठवडे मी एक शब्द बोलले नाही.

*

अतिदक्षता विभागात माझ्या वाट्याला आलं होतं एक छत. त्याला चौकोनी पांढऱ्या फळ्या, आणि एका फळीचा कोपरा वाकलेला. घड्याळ डोक्यामागे होतं. त्याचा काटा ऐकू यायचा, दिसायचा नाही.

हात, पाय, मान, ओठ, सगळं गेलं. चेहरासुद्धा. डावी पापणी अर्धी उघडी राहायची, तिच्यात मलम घालायचे. उजवी मात्र माझं ऐकत होती. हलत काही नव्हतं, पण कळत सगळं होतं. पायांवरची साधी चादर तापलेल्या तव्यासारखी लागायची. कुणी कूस बदलली आणि एक कोपर अंगाखाली दुमडून राहिलं, तर पुढची कूस बदलेपर्यंत ते कोपर म्हणजेच मी असायचे. घशातला कफ नळीने ओढून काढायचे तेव्हा श्वास थांबायचा. ते क्षणभरच असतं, हे मला ठाऊक होतं. तरी दर वेळी वाटायचं की यावेळी सुरू होणार नाही.

कोंडून घातलेला माणूस निदान दार ठोठावतो. मला तेही नव्हतं.

तिथे लिसी नावाची केरळची एक सिस्टर होती. आपसात त्या मल्याळममध्ये बोलत, आमच्याशी कानडीत, डॉक्टरांशी इंग्रजीत. माझ्या डोक्यात मात्र मराठीच चालायची. लिसीने मला ठरवून दिलं: हो असेल तर एकदा डोळा मिटायचा, नाही असेल तर दोनदा. केवढा आधार वाटला. पण लवकरच कळलं की विचारणाऱ्याला नेमका प्रश्न सुचला तरच उत्तर देता येतं. पाणी हवं? नाही. दुखतंय? हो. डोकं? नाही. पोट? नाही. मग विचारणारी व्यक्ती थकायची, इतर पेशंट असायचे, आणि माझं कोपर तसंच राहायचं. लिसी तेवढी चिकाटीने बोटांच्या टोकापर्यंत विचारत जायची. तिची पाळी असली की मला धीर असायचा.

भेटायच्या वेळेला घरचे येत. मी ऐकते आहे, मला समजतंय, असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. पण अर्धवट उघड्या डोळ्यांच्या, मेणासारख्या चेहऱ्याच्या माणसाकडे पाहून ते खरं वाटत नाही. मी त्यांना दोष देत नाही. त्यांना माझ्या पापणीवर विश्वास नव्हता. डोळे असेही मिटतातच की.

एक दिवस मोठे दीर आले, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. बरोबर अक्का. दोघे माझ्या दोन बाजूंना उभे राहिले आणि माझ्यावरून एकमेकांशी बोलू लागले.

"मशीनवर असं किती दिवस?" अण्णांनी विचारलं.

"कोण सांगणार," अक्का म्हणाल्या.

"गौरीला आमच्याकडे बनशंकरीला नेऊ का? आमच्या मुलांबरोबर शाळेत जाईल. तुमच्याच्यानं होत नाही आता."

अक्कांनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "नेऊ नकोस इतक्यात. पण पोरीला आई नाही असं धरूनच चाललं पाहिजे आता. रोज विचारते. रोज काय सांगू?"

मी डोळा मिटला, दोनदा. पुन्हा दोनदा. पुन्हा. अक्कांनी कापसाने माझा डोळा पुसला. "पाणी येतंय," त्या अण्णांना म्हणाल्या.

*

त्या दिवसानंतर मी मनातल्या मनात विणायला लागले. दुसरं जाण्याजोगं ठिकाण नव्हतं.

देवाचं नाव घेऊन पाहिलं होतं. त्यात मन टिकायचं नाही, फिरून गौरीकडे जायचं आणि मग रडू यायचं. विणताना मात्र मोजावं लागतं, आणि मोजताना रडता येत नाही. मोतिया शाल मला पाठ होती. मी मधल्या गोलापासून सुरू केलं. एकेक टाका, उजव्या सुईवर घ्यायचा, लोकर फिरवायची, सोडायचा. घाई नव्हती. मधेच कफ काढायला कुणी आलं की ओळ हातची जायची, मग त्या ओळीच्या सुरुवातीला परत. कधी कधी एका ओळीत आख्खी सकाळ जात असावी.

असं करत पानांच्या त्या न जुळणाऱ्या ओळीपाशी आले. घरी असताना मी ती घाईने, चिडून, बोटांना दोष देत विणली होती. आता माझ्याकडे बोटंच नव्हती. चूक त्यांची असूच शकत नव्हती. मी ती ओळ पुस्तिकेत छापली होती तशी डोळ्यांपुढे आणली आणि एका पानापुरती हळूहळू विणली. दोन टाके एकत्र, असं दोनदा येत होतं. लोकर पुढे घेणं एकदाच. म्हणजे प्रत्येक पानाला एक टाका कमी पडणारच. मी पुन्हा विणली. पुन्हा तेच. चूक छापणाऱ्याची होती.

मला इतका आनंद झाला की तो कुणाला सांगितल्याशिवाय राहवेना. आणि सांगायचं काही साधनच नव्हतं. तिथे मला जितकं बंदिस्त वाटलं तितकं आधी कधी वाटलं नव्हतं, अगदी अक्कांच्या त्या बोलण्याच्या वेळीसुद्धा.

*

यजमान रोज कारखान्यातून थेट यायचे. स्टुलावर बसायचे, माझा हात हातात घ्यायचे आणि यंत्राकडे बघत राहायचे. लिसी त्यांना म्हणायची, "सर, बायकोशी बोला." ते म्हणायचे, "सरी", म्हणजे बरं. आणि पुन्हा यंत्राकडे बघायचे. मग त्यांनी वर्तमानपत्र आणायला सुरुवात केली. राजकारण, पाणीकपात, क्रिकेट. तेही संपलं. मग एक दिवस त्यांनी पिशवीतून माझी ती विणकामाची पुस्तिका काढली.

"तुझ्या टोपलीत होती," ते म्हणाले. "मला यातलं काही कळत नाही. पण तुला कळतं."

आणि ते वाचू लागले. नमुना इंग्रजीत, तोही संक्षेपात. "के वन, वाय एफ, के टू टॉग," असं ते कारखान्यातल्या नकाशाचे भाग वाचावेत तसे एका सुरात वाचत गेले. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांचा मुलगा वळून बघायला लागला. मी त्यांच्या आवाजाबरोबर विणत होते. इतके दिवस एकटीने विणत होते, आता कुणीतरी ओळ सांगत होतं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते पानांच्या ओळीपर्यंत आले. त्यांनी ती वाचली. मी दोनदा डोळा मिटला.

"दमलीस? पुरे करू?"

दोनदा.

"पुढे वाचू?"

दोनदा.

ते गोंधळले. त्यांनी तीच ओळ पुन्हा वाचली. मी पुन्हा दोनदा मिटला, त्याच जागी. त्यांनी आधीची ओळ वाचून पाहिली. मी एकदा मिटला. मग ही. दोनदा. त्यांनी स्टूल पुढे ओढलं.

"ही ओळ चुकीची आहे?"

एकदा.

माझ्या यजमानांना नकाशातली चूक म्हणजे काय ते चांगलं माहीत होतं. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि औषधाच्या पुडीच्या कागदावर ओळ उतरवली. "के टू टॉग म्हणजे दोनाचा एक? म्हणजे कमी होतो?" हो. "वाय एफ म्हणजे वाढतो?" हो. मग ते स्वतःशीच मोजत राहिले. "कमी दोनदा होतात. वाढतो एकदाच." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "एक वाय एफ छापायचं राहिलंय?"

मी डोळा मिटला आणि मिटूनच ठेवला.

"कुठे राहिलंय? इथे?" माझ्या डोळ्यांपुढे धरलेल्या कागदावर पेन्सिल सरकत होती. "इथे? इथे?"

पेन्सिल तिसऱ्या जागी आली तेव्हा मी एकदा डोळा मिटला. त्यांनी तिथे खूण केली, पुडीचा कागद खिशात ठेवला आणि बाहेर गेले. मला वाटलं, रडायला गेले असतील. पण ते अण्णांना आणि अक्कांना आत घेऊन आले. एका वेळी दोघांनाच सोडायचे, म्हणून लिसी पुढे आली, आणि यांचा चेहरा बघून मागे झाली.

"हिला सगळं समजतं," ते त्या दोघांना म्हणाले. आवाज चढवला नव्हता. "पुस्तकातली चूक हिने आत्ता मला दाखवली. इतके दिवस आपण इथे उभं राहून जे जे बोललो, ते सगळं हिने ऐकलं आहे."

अण्णा खाली बघत राहिले. अक्का माझ्या जवळ आल्या. त्या काही बोलतील असं मला वाटलं. त्यांनी माझ्या उजव्या डोळ्याकडे नीट पाहिलं, मग माझ्या दुमडलेल्या पायाखालची उशी सारखी केली, आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या माझ्याशी बोलत. "गौरी शाळेत गेली. दहीभात नाही दिला. लिंबू पिळून चित्रान्न दिलं."

*

बरं होणं वरून खाली आलं. आधी मान, मग खांदे. यंत्र बंद करून मला थोडा थोडा वेळ स्वतःच्या श्वासावर ठेवायला लागले, आणि त्याची मला यंत्रापेक्षा जास्त भीती वाटायची. मधल्या काळात तोंडातली नळी काढून गळ्याला भोक पाडून तिथून घातली होती. त्या भोकावर बोट ठेवून पहिल्यांदा आवाज काढला तो घोगरा, परका होता. मी लिसीला म्हटलं, "कोपर." ती इतकी हसली की डॉक्टर बघायला आले.

घरी आले ती चाकाच्या खुर्चीतून. इस्पितळातून सुटले की सुटले, असं मला वाटलं होतं. तसं होत नाही, हे नव्या पेशंटच्या घरच्यांनी लक्षात ठेवावं. तिथे माझ्याभोवती माझ्यासारखेच लोक होते. घरात सगळे चालत होते. मला भरवायला, न्हाऊ घालायला, संडासला न्यायला माणूस लागत होता, आणि ते माणूस म्हणजे बहुतेक वेळा अक्का. खिडकीशी खुर्ची लावून देत, ती खिडकी संपूर्ण दिवस माझी. गौरी लांबूनच बघायची. माझ्या गळ्यावरच्या खुणेची तिला भीती वाटायची.

आणि मी आले त्या दिवशी तिच्या अंगात नवा स्वेटर होता. मोतिया रंगाचा, दोनपदरी लोकरीचा. लोकर मी लगेच ओळखली.

गौरी शाळेत गेल्यावर मी अक्कांना विचारलं, "माझी शाल उसवलीत?"

"हो."

"का?"

अक्का तांदूळ निवडत होत्या. ताटातून वर न बघता म्हणाल्या, "त्या सुया रोज दिसायच्या. तशाच, अर्ध्या. एक दिवस हात लावला आणि उसवतच गेले. थांबता आलं नाही. पोरीला थंडी वाजत होती."

"मी येणार नाही असं वाटलं तुम्हाला."

"वाटलं," अक्का म्हणाल्या.

मला त्यांचा राग आला, खूप दिवस राहिला. तरी त्यांनी खोटं सांगितलं नाही, याचं मला मनातून बरंही वाटलं. त्यांच्याच हातचा घास खायचा आणि त्यांच्यावरच रागवायचं, हे फार अवघड असतं. आम्ही दोघी त्या घरात एकमेकींत अडकलो होतो. मला उठता येत नव्हतं, आणि मला सोडून त्यांना कुठे जाता येत नव्हतं. त्यांचं मंडळ, त्यांचं देवळात जाणं, सगळं सुटलं होतं. हे मला फार उशिरा दिसलं.

*

इस्पितळातली पद्मा नावाची फिजिओथेरपिस्ट घरी यायची. मी विणत असे हे कळल्यावर तिने जाड सुया आणि जाड लाल लोकर आणली. "फक्त सुलट टाके. पट्टी विणा," ती म्हणाली. उजवा हात जमवून घ्यायचा. डाव्या अंगठ्यात मात्र सुई धरण्याइतकी पकड नव्हती. सुई निसटायची, टाके सांडायचे. लहान मुलीच्या पहिल्या धड्यासारखी ती लाल पट्टी बघून मला स्वतःची किळस आली. मी ती खाली टाकली. टाकायलाही दोनदा प्रयत्न करावा लागला.

अक्कांनी ती उचलली. "मग काय विणणार आहेस?"

"अवघड काहीतरी."

"सरी," त्या म्हणाल्या, आणि माझ्या पुस्तिकांचा गठ्ठा घेऊन समोर बसल्या. मला पानं उलटता येत नव्हती. त्या उलटायच्या, चित्र माझ्यापुढे धरायच्या, आणि स्वतःचं मतही द्यायच्या. हा नको, याला बाह्या फार. हा नको, हा कोण घालणार. दोन दुपारी आम्ही नुसतं निवडण्यात घालवल्या. आजारी पडल्यापासून मला कुणी काही निवडायला दिलं नव्हतं. आधी जो नमुना बघून मी दचकले असते तसाच एक शेवटी ठरला: लहान मुलीचं जाकीट, पुढे पिळाची वीण, गोल खांदा, वरून खाली विणायचं.

"डाव्या हाताचं काय?" मी विचारलं.

"डावी सुई मी धरते."

आणि त्यांनी खरोखरच धरली. खुर्चीला खुर्ची लावून, माझ्या डाव्या हाताच्या जागी त्यांचा हात. मी उजव्या सुईने टाका उचलायचा, त्यांनी त्यांची सुई किंचित पुढे सरकवायची. सुरुवातीला भांडणंच झाली. "घट्ट धरता तुम्ही." "तू ओढतेस." पिळाच्या ओळीला तर आम्ही एकमेकींशी दिवसभर बोललो नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी त्या आपणहून खुर्ची ओढून बसल्या. गौरी येऊन बघायला लागली. आधी दारातून, मग अक्कांच्या मागून, आणि एक दिवस माझ्या मांडीला टेकून. तिला पीळ कसा पडतो ते बघायचं होतं. माझ्या गळ्याकडे तिचं लक्षच नव्हतं.

जाकीट झालं तोवर ते तिला आखूड झालं होतं. अण्णांच्या धाकटीला दिलं.

पुढे माझ्या डाव्या अंगठ्यात थोडी पकड आली. पूर्ण कधीच आली नाही. पावलं अजून जराशी फेंगडी पडतात. मी विणते, हळू. मंडळातल्या बायका आता "हे कसं केलंस" असं विचारत नाहीत, "किती दिवस लागले" असं विचारतात. आधी मला ते टोचायचं.

*

मी काठी टेकत चालायला लागल्यावर पद्माचा फोन आला. इस्पितळात जी. बी.चा एक मुलगा होता. नागपूरहून कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी आलेला, खोली करून राहणारा, मशीनवर. त्याची आई आली होती. तिला कानडी येत नव्हती आणि ती कुणाशी बोलत नव्हती. "तुम्ही मराठी आहात. येता का?"

त्या विभागाच्या दारापर्यंत गेले आणि माझे पाय थांबले. यंत्राचा तोच आवाज. यजमान म्हणाले, "नको असेल तर परत जाऊ." मी थोडा वेळ भिंतीला हात लावून उभी राहिले, आणि मग आत गेले.

मुलगा अगदी तरुण होता. त्याची आई खाटेकडे पाठ करून, पदर तोंडाला लावून बसली होती. मी नाव सांगितलं, काय झालं होतं ते सांगितलं, गळ्यावरची खूण दाखवली. त्या माझ्या पायांकडे बघत राहिल्या.

"तुम्ही चालत आल्या?"

"हो. वेळ लागला."

"ह्याला काही समजतच नाही हो," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे बघतही नाही. मी इथे बसून काय करू?"

"तो ऐकतो आहे. आत्ता आपण बोलतो आहोत तेही. तुम्ही खुर्ची वळवा आणि त्याच्याशी बोला."

त्यांनी खुर्ची वळवली. मुलाचे डोळे छताकडे होते. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या आणि मग माझ्याकडे वळल्या.

"काय बोलू? मला काही सुचत नाही."

"आज सकाळपासून काय केलंत ते सांगा."

त्यांनी पदर नीट केला. "बाळा," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. मग म्हणाल्या, "बाळा, आज मी तुझ्या खोलीवर स्टोव्ह पेटवला. तुझ्याकडे मिठाचा डबाच नाही रे. शेजारच्या बाईंकडे मागायला गेले. त्यांना माझं समजेना, मला त्यांचं. शेवटी त्यांनी साखर दिली. मी तीच घेऊन आले."

मुलाचे डोळे छतावरून खाली आले आणि आईच्या चेहऱ्यावर थांबले. ते तिला दिसलं. ती बोलायची थांबली नाही. मी यजमानांना खुणेने सांगितलं आणि आम्ही हळूच बाहेर आलो.